तुटलेली वायर परवडते, खोटा निरोप नाही: हेलिकॉप्टरमधल्या फ्लाय-बाय-वायरबद्दल

प्रश्न असा आला आहे: एनएच-९० सारख्या हेलिकॉप्टरमध्ये वैमानिकाच्या हातातल्या दांड्यापासून रोटरपर्यंत एकही यांत्रिक जोड नाही, सगळा कारभार वायरी आणि कॉम्प्युटरवर चालतो. मग वायर तुटली किंवा संदेश बिघडला तर काय होतं? तीन-चार कॉम्प्युटर लावले की काम भागतं का? आणि अशा कामाला कोणती डेटा बस, म्हणजे यंत्रणांमध्ये संदेश नेणारी वाहिनी, घ्यावी? विचारणारे इलेक्ट्रॉनिक्सचे विद्यार्थी आहेत, म्हणून जरा खोलात जाऊन सांगतो. उड्डाण-नियंत्रण यंत्रणा जोडणं आणि त्यांच्या चाचण्या घेणं हेच माझं काम आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. वायर तुटणं ही या सगळ्यातली सर्वांत सोपी अडचण आहे. निरोप आलाच नाही तर तो आला नाही हे लगेच कळतं आणि यंत्रणा दुसऱ्या मार्गाकडे वळते. निरोप आला, वेळेवर आला, सगळ्या तपासण्यांतून पार पडला आणि तरीही चुकीचा होता, तर खरी पंचाईत होते. आमची बहुतेक मेहनत त्यासाठीच खर्च होते.

हेलिकॉप्टरमध्ये हे विमानापेक्षा जास्त अवघड का, ते बघू. मुख्य रोटरखाली पात्यांचे कोन बदलणारी तबकडी, म्हणजे स्वॉशप्लेट असते. तिला साधारणपणे तीन ॲक्च्युएटर (आज्ञेनुसार ढकलणारे-ओढणारे भाग) हलवतात, टेल रोटरला आणखी एक असतो. वैमानिकाने कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा दांडा) उचलला की यंत्र नुसतं वर जात नाही. टॉर्क वाढतो, नाक वळायला लागतं, पेडल द्यावं लागतं, पेडल दिलं की पुन्हा सायक्लिक (यंत्र कलवणारा दांडा) सावरावा लागतो. हवेत स्थिर उभं हेलिकॉप्टर सोडून दिलं तर ते आपणहून स्थिर राहत नाही, काही सेकंदांतच कलायला लागतं. त्यामुळे नियंत्रण काही क्षण गेलं तरी चालेल, अशी चैन इथे नाही.

जुन्या पद्धतीत हे सगळं दांडे, बेलक्रँक आणि हायड्रॉलिक बूस्टरवर चालायचं. आपलं ध्रुवही यांत्रिक दांड्यांवरच उडतं, सोबतीला स्वयंचलित नियंत्रण यंत्रणा असते. अशा यंत्रणेच्या हातात नियंत्रणाचा छोटा हिस्सा ठेवतात, बहुतेक हेलिकॉप्टरमध्ये साधारण दहा टक्के. ती बिघडून एका टोकाला गेली तरी वैमानिक उरलेल्या नव्वद टक्क्यांच्या जोरावर तिला दाबू शकतो. फ्लाय-बाय-वायरमध्ये हा आधारच जातो. कॉम्प्युटरच्या हातात पूर्ण शंभर टक्के असतात, त्यामुळे त्याने घेतलेला चुकीचा निर्णय रोटरपर्यंत पूर्ण पोचतो. एनएच-९० पहिल्यांदा डिसेंबर १९९५ मध्ये उडालं आणि मालिका उत्पादनात गेलेलं हे पहिलं पूर्ण फ्लाय-बाय-वायर हेलिकॉप्टर ठरलं. त्याच्या मागोमाग सीएच-५३के, सीएच-१४८ सायक्लोन आणि नागरी बाजारासाठी बेल ५२५ आली. आपल्याकडे तेजसमध्ये ४ जानेवारी २००१ च्या पहिल्या उड्डाणापासून चार चॅनलची, म्हणजे एकच काम समांतर करणाऱ्या चार साखळ्यांची, डिजिटल फ्लाय-बाय-वायर आहे, पण ते विमान आहे.

आता कॉम्प्युटरच्या संख्येकडे येऊ. ज्या बिघाडाने यंत्र आणि माणसं जातील, तो दर उड्डाण-तासाला साधारण एक अब्जांश एवढा दुर्मीळ असावा, असं प्रमाणनाचे, म्हणजे उडवायला मंजुरी देण्याचे, नियम सांगतात. एक अब्ज तास म्हणजे सुमारे एक लाख चौदा हजार वर्षं. एवढे तास उडवून ते सिद्ध करणं कुणालाच शक्य नाही, म्हणून ते रचनेतून दाखवावं लागतं. समजा एका चॅनलमध्ये दर दहा हजार तासांनी एक बिघाड होतो. दोन चॅनल एकाच तासात जाण्याची शक्यता दहा कोटींत एक, तीन जाण्याची एक लाख कोटींत एक. कागदावर गणित सुटलं! पण हा गुणाकार एकाच अटीवर खरा ठरतो: एका चॅनलच्या बिघाडाचा दुसऱ्याशी काडीचाही संबंध नसला पाहिजे. एकाच वहीतून तिघांनी उत्तर उतरवलं असेल तर तिघांचं जुळलं म्हणून ते बरोबर ठरत नाही.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण व्ही-२२ ऑस्प्रेचं, म्हणजे हेलिकॉप्टरसारखं उभं उठून विमानासारखं उडणाऱ्या यंत्राचं आहे. ११ जून १९९१ रोजी अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात विल्मिंग्टन इथे पाचवा नमुना पहिल्याच उड्डाणात जमिनीवर आदळला. नशिबाने दोघंही वैमानिक किरकोळ जखमांवर सुटले. यंत्र एका बाजूला किती वेगाने कलतंय हे सांगणारे तीन सेन्सर होते आणि त्यातल्या दोघांच्या वायरी उलट जोडल्या गेल्या होत्या. यंत्र उजवीकडे कललं की दोघं म्हणणार डावीकडे, एकटा म्हणणार उजवीकडे. व्होटिंगने, म्हणजे चॅनलचे आकडे ताडून एक निवडणाऱ्या सोयीने, आपलं काम चोख केलं. बहुमत मान्य केलं आणि एकट्या खऱ्याला बाद ठरवलं. कॉम्प्युटर नीट होते, सॉफ्टवेअर नीट होतं, एकही वायर तुटलेली नव्हती.

म्हणूनच सेन्सर बसवल्यावर स्क्रीनवर आकडा दिसतो एवढ्यावर कुणी समाधान मानू नये. युनिट खरोखर हातात धरून उजवीकडे कलवायचं आणि आकडा कोणत्या चिन्हाने हलतो ते बघायचं. तेही व्होटिंग झाल्यानंतरच्या आकड्यावर नाही, प्रत्येक चॅनलचा आकडा वेगळा वाचायचा. व्होटिंगनंतरचा आकडा खालच्या चुका झाकतो. शिवाय शेजारशेजारच्या कनेक्टरच्या खाचा वेगवेगळ्या कोनात घेतल्या तर एकाचा प्लग दुसऱ्यात बसतच नाही. ज्या जोडणीत चूक करताच येत नाही ती जोडणी उत्तम, तपासणी तिच्यानंतर येते.

सॉफ्टवेअरचीही तीच कथा. तिन्ही चॅनलमध्ये एकच प्रोग्राम असेल तर त्यातली चूक तिन्हीकडे एकाच क्षणी उगवणार. मग तीन वेगवेगळ्या गटांकडून तीन प्रोग्राम लिहून घेतले तर? १९८६ मध्ये जॉन नाइट आणि नॅन्सी लेव्हसन यांनी एकाच मागणीवरून स्वतंत्रपणे लिहिलेल्या २७ प्रोग्रामचा अभ्यास मांडला. लिहिणाऱ्यांचा एकमेकांशी संबंध नसूनही बरेच प्रोग्राम त्याच त्याच ठिकाणी चुकत होते, कारण प्रश्नातली अवघड जागा सगळ्यांसाठी अवघडच असते. वेगळेपणाचा उपयोग होतो, पण गुणाकार करण्याइतका नाही. बोइंग ७७७ मध्ये प्रत्येक मुख्य कॉम्प्युटरात तीन निरनिराळ्या कंपन्यांचे प्रोसेसर आहेत. चिपमधल्या एखाद्या छुप्या दोषावर हा चांगला उतारा आहे. पण मागणीच चुकीची लिहिली असेल तर कोणताही प्रोसेसर वाचवत नाही.

आता संदेशाविषयी, म्हणजे प्रश्नाच्या गाभ्याविषयी. एरिंक ४२९ या जुन्या आणि अजूनही सर्रास वापरात असलेल्या बसवरचा एक शब्द घ्या. तो ३२ बिटांचा असतो. पहिले आठ बिट लेबलचे, म्हणजे हा आकडा कशाचा आहे ते सांगणारे. मग कुठून आला ते सांगणारे दोन, माहितीचे एकोणीस, हा आकडा ग्राह्य आहे की नाही हे सांगणारे दोन आणि शेवटी पॅरिटीचा, म्हणजे शब्दातल्या एकांची संख्या सम की विषम हे तपासण्याचा, एक. पॅरिटीने एक बिट उलटला तर कळतो, दोन उलटले तर कळत नाही. पण त्याहून मोठी फट वेगळीच आहे. शब्द तयार होण्याआधीच चूक झाली असेल तर पॅरिटी त्या चुकीवर व्यवस्थित शिक्का मारून देते.

हे नुसतं पुस्तकी बोलणं नाही. ७ ऑक्टोबर २००८ रोजी सिंगापूरहून पर्थला निघालेल्या क्वांटासच्या ए-३३० विमानात हेच घडलं. हवा आणि दिशेची माहिती देणाऱ्या तीनपैकी एका युनिटने उंचीच्या आकड्यावर पंखाच्या कोनाचं (समोरून येणाऱ्या हवेशी पंख करतो त्या कोनाचं) लेबल लावून शब्द पाठवायला सुरुवात केली. पंखाचा कोन ५०.६२५ अंश! प्रवासी विमानात असा कोन असूच शकत नाही, पण शब्द ग्राह्य म्हणून खूण केलेला होता. नियंत्रण कॉम्प्युटरमध्ये अशा उसळ्या गाळण्याची सोय होती: उसळी दिसली की आधीचाच चांगला आकडा १.२ सेकंद धरून ठेवायचा. दुसरी उसळी नेमकी ती मुदत संपताना आली आणि गाळणीतून निसटली. विमानाने नाक खाली टाकलं, शंभरहून जास्त प्रवासी जखमी झाले आणि वैमानिकांनी ते लिअरमंथला सुखरूप उतरवलं. हे विमान होतं आणि खूप उंचीवर होतं, म्हणून सावरायला जागा मिळाली. पन्नास फुटांवर उभ्या हेलिकॉप्टरला ती मिळत नाही.

यातून नियम निघतो तो असा. संदेशाची तपासणी बसवर सोपवू नका, ती या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या. सेन्सरजवळ, शक्य तितक्या उगमापाशी सीआरसी (संदेशातल्या बिटांवरून काढलेला तपासणी-आकडा) काढा आणि तो ॲक्च्युएटरच्या कॉम्प्युटरपाशी तपासा. मधले गेटवे आणि स्विच यांनी तो पुन्हा काढून लावता कामा नये. सीआरसीच्या आत नुसता आकडा ठेवू नका. कुणी पाठवला, कुणासाठी, कशाचा, कितवा आणि कधीचा हेही आत घाला. यातला ‘कितवा’ फार मोलाचा आहे. पाठवणाऱ्याचा मुख्य प्रोग्राम अडकला, पण संदेश सोडणारा भाग चालू राहिला, तर तोच जुना आकडा अचूक सीआरसीसह सतत येत राहतो. हेलिकॉप्टर कलत असतं आणि सेन्सर शांतपणे सांगत असतो की सगळं सरळ आहे. क्रमांक वाढत नाही एवढ्याच खुणेवरून हे पकडता येतं. त्याच्या जोडीला आकड्याची व्यवहार्यता बघा: दहा मिलिसेकंदांपूर्वी दोन अंश असलेला कल आता चाळीस अंश कसा होईल?

आणखी एक प्रकार विद्यार्थ्यांना कुणी शिकवत नाही. एखादा पाठवणारा एकाला एक सांगतो आणि दुसऱ्याला दुसरं. यात कट-कारस्थान काही नसतं. वायरीवर व्होल्टेज देणारा भाग, म्हणजे ड्रायव्हर, अशक्त झाला, व्होल्टेज शून्य आणि एक यांच्या बरोबर सीमेवर आलं, तर एक कॉम्प्युटर त्याला शून्य वाचतो आणि शेजारचा एक. मग दोन निरोगी कॉम्प्युटर एकमेकांना आजारी समजायला लागतात. १९८२ मध्ये लॅम्पोर्ट, शोस्टॅक आणि पीझ यांनी याला बायझंटाइन सेनापतींचा प्रश्न असं नाव देऊन गणिताने दाखवलं की सहीशिवायच्या निरोपांत असा एक दुतोंड्या सोसायला तीन सोबती पुरत नाहीत, चार लागतात. शिवाय मिळालेले निरोप आपसात पडताळून पाहण्याची एक फेरीही लागते. महत्त्वाच्या यंत्रणांत चार चॅनल का दिसतात, त्याचं एक कारण हे आहे.

कोणती बस, या प्रश्नावर फार वेळ घालवत नाही, कारण उत्तराचं वजन वरच्या गोष्टींइतकं नाही. एरिंक ४२९ संथ आहे, सेकंदाला जास्तीत जास्त एक लाख बिट, पण त्यात एकच बोलणारा असतो, त्यामुळे वायरीवर गोंधळ होत नाही. मिल-एसटीडी-१५५३बी ही लष्करी मानकाची बस सेकंदाला दहा लाख बिट नेते, तिच्या दोन समांतर वायरी असतात, आणि नियंत्रकाने विचारल्याशिवाय कुणी बोलायचं नसतं. तिच्यातली मला सर्वांत आवडणारी तरतूद म्हणजे ८०० मायक्रोसेकंदांची मर्यादा: एखादं टर्मिनल त्याहून जास्त वेळ बडबडत राहिलं तर त्याच्यातलाच वेगळा टायमर त्याचं तोंड बंद करतो. कॅन या मोटारगाड्यांतून आलेल्या बसमध्ये चुका मोजून नोड (बसला जोडलेलं युनिट) स्वतःला बाजूला काढतो. पण एखादा नोड नियमाला धरून, वरच्या प्राधान्याचे संदेश अखंड पाठवत राहिला तर ती मोजणी त्याला पकडत नाही आणि बाकीचे ताटकळतात. नियंत्रणाच्या मुख्य फेरीत (मोजमाप, आज्ञा, हालचाल आणि पुन्हा मोजमाप या चक्रात) कॅन घ्यायची असेल तर प्रत्येकाच्या वेळा ठरवून द्या आणि त्या पाळल्या जातात की नाही हे बघणारा स्वतंत्र पहारेकरी ठेवा. एएफडीएक्स ही इथरनेटवर आधारलेली बस वेगवान आहे, पण तिचे स्विच हा तुमच्या सुरक्षिततेच्या हिशेबातला भाग होतो, हे विसरू नका.

वायर आणि कनेक्टर यांच्याकडे वर्गात कुणी ढुंकून बघत नाही, आणि हँगरमध्ये आमचा अर्धा दिवस तिथेच जातो. हेलिकॉप्टर सतत थरथरतं. त्या थरथरीने कनेक्टरच्या पिना एकमेकींवर सूक्ष्म घासतात, मुलामा झिजतो, खाली ऑक्साइड धरतो आणि जोड कधी असतो, कधी नसतो. जमिनीवर, इंजिन बंद असताना, मीटर लावला की सगळं ठीक दिसतं. जुहूहून मुंबई हायच्या तेलफलाटांकडे जाणाऱ्या हेलिकॉप्टरची देखभाल करणाऱ्यांना विचारा, खारी हवा आणि पावसाळा कनेक्टरचं काय करतात ते. म्हणून अधूनमधून येणारा दोष ‘तपासला, आढळला नाही’ असं लिहून मोकळं होऊ नये. हार्नेस, म्हणजे वायरींचं जुडगं, हातात धरून हलवत हलवत मोजमाप घ्यावं, क्लॅम्पपाशी इन्सुलेशन घासलंय का ते बोटाने चाचपावं.

शिल्डचं, म्हणजे केबलभोवतीच्या धातूच्या जाळीचंही तसंच. केबलच्या जाळीचं टोक एका पातळ शेपटीसारखं वळवून पिनेला जोडलेलं दिसलं की मी ते परत करायला सांगतो. कमी वारंवारतेला ते चालून जातं, पण उंच वारंवारतेला ती शेपटीच अँटेना होते. जाळी कनेक्टरच्या मागच्या कवचाला चहूबाजूंनी, पूर्ण गोलाकार बसली पाहिजे आणि ते कवच यंत्राच्या सांगाड्याशी नीट बाँड झालेलं, म्हणजे वीज सहज वाहील असं जोडलेलं पाहिजे. हेलिकॉप्टर जहाजाच्या रडारजवळ उतरतं, ट्रान्समीटरच्या मनोऱ्याजवळून जातं, विमानापेक्षा किती तरी जवळून. १९८० च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरवर याचा ठपका आला होता. त्याच्या शेपटीकडचा आडवा पंख इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हलवते, आणि जोरदार रेडिओ लहरींत तो नको तेव्हा हलू शकतो असं दिसून आलं. जहाजांसाठी बनलेल्या सीहॉकमध्ये शिल्डिंग आधीपासूनच जास्त होतं. प्रकाशतंतू हा यावरचा मुळातला उपाय. जर्मनीच्या डीएलआर या संस्थेने ईसी-१३५ हेलिकॉप्टरवर प्रकाशावर चालणारी नियंत्रण यंत्रणा बसवून संशोधनासाठी वर्षानुवर्षं उडवली आहे.

निरोप बरोबर, वायर बरोबर, तरीही घात होतो तो वेळेत आणि फेरीत. ६ जुलै २०१६ रोजी टेक्सासमध्ये बेल ५२५ चा चाचणी-नमुना हवेत मोडला आणि दोन चाचणी-वैमानिक गेले. १८५ नॉट वेगात एक इंजिन बंद पडल्याची चाचणी चालू होती. रोटरचे फेरे उतरले आणि यंत्रात सेकंदाला सहा वेळा अशी थरथर सुरू झाली. त्या थरथरीने वैमानिकाचा हात हलला, हाताने कलेक्टिव्ह हलला, कलेक्टिव्हने रोटरला आज्ञा गेली आणि थरथर वाढली. दुसरीकडे कल मोजणारे सेन्सरही तीच थरथर टिपून नियंत्रणात घालत होते. शेवटी मुख्य रोटरचं पातं शेपटीच्या दांडीला लागलं. प्रत्येक संदेश खरा होता, प्रत्येक घटक सांगितलं तसंच वागत होता. माणसाचा हात हादेखील फेरीतला एक दुवा आहे आणि त्याच्या वारंवारतेवर गाळणी हवी, हे गणितात धरलेलं नव्हतं. संदेशांतला उशीर मोजताना म्हणून सरासरीवर थांबू नका. सर्वांत वाईट उशीर किती आणि तो किती बदलतो, हे दोन्ही लिहा.

आणि शेवटचा संवाद यंत्रणा आणि वैमानिक यांच्यातला, जो बसच्या आकृतीत कुठेच काढलेला नसतो. ११ डिसेंबर २००० रोजी नॉर्थ कॅरोलायनात एका ऑस्प्रेची हायड्रॉलिक नळी वायरींच्या जुडग्याला घासून फुटली. दोषाचा दिवा लागला. वैमानिकांनी शिकवल्याप्रमाणे रीसेटचं बटण दाबलं, आठ-दहा वेळा. सॉफ्टवेअरमधल्या चुकीमुळे प्रत्येक दाबण्यासरशी रोटरच्या पात्यांचे कोन झटक्यात बदलत गेले आणि चौघं मरिन सैनिक मृत्युमुखी पडले. बटण दाबल्यावर आत काय होतं, हे दाबणाऱ्याला कळायला कोणताच मार्ग नव्हता. २९ एप्रिल २०२० रोजी आयोनियन समुद्रात कॅनडाच्या हवाई दलाचं सायक्लोन नौदलाच्या जहाजाकडे परतताना पडलं, सहा जण गेले. स्वयंचलित मार्गदर्शन चालू असताना वैमानिक हाताने जोरात वळण घेत होता. दोघांच्या आज्ञांमधला फरक सॉफ्टवेअरच्या आत साठत गेला आणि नेमकं गरजेच्या क्षणी यंत्राने अपेक्षेप्रमाणे नाक वर घेतलं नाही. आत असं काही साठतंय, याची कसलीही खूण वैमानिकापुढे नव्हती. माझ्या मते अशी खूण ही सुरक्षिततेचीच गरज आहे, पडद्यावरची सजावट नव्हे. तिची मागणी पहिल्या दिवसापासून लिहिली पाहिजे.

कॉलेजच्या प्रकल्पात हे करून बघायचं असेल तर दोन साधे कॅन बोर्ड आणि एक मोटर पुरते. आधी वायर काढून बघा, ते सगळेच करतात. मग पाठवणाऱ्या बोर्डाचा आकडा गोठवा पण संदेश चालू ठेवा. मग लेबल बदला. मग प्रत्येक संदेशाला दर वेळी वेगळा उशीर द्या. मग तिसरा बोर्ड जोडून वरच्या प्राधान्याची बडबड सुरू करा. प्रत्येक वेळी मोटरने काय केलं आणि चूक पकडायला किती मिलिसेकंद लागले, हे वहीत लिहा. तो आकडा हेलिकॉप्टर किती वेळात कलतं याच्याशी ताडून पाहिला की तुमची रचना पुरते की नाही, हे तुम्हीच ठरवू शकाल.